नजर अंदाज पैसेवारी

महसूल खात्यात ३१ वर्षे काढून मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, तेव्हा पैसेवारीशी आपला संबंध संपला अशी माझी समजूत होती. पैसेवारी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही अशा भाग्यवान शहरी वाचकांसाठी सांगतो: पीक कसे आले आहे याचा सरकारी अंदाज. पूर्वी हिला आणेवारी म्हणत. आणे गेले, वारी राहिली. आकडा पन्नास पैशांच्या वर गेला की सगळे आलबेल, आत राहिला की टंचाई. हा आकडा तीनदा निघतो. आधी नजर अंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. यातला पहिला नावाप्रमाणेच बांधावर उभे राहून काढायचा. पीक गुडघ्याएवढे असते, पाऊस व्हायचा असतो, कीड यायची असते. आपण कपाळावर आडवा हात धरून शेताकडे बघायचे, शेतकऱ्याने दिलेला चहा घ्यायचा आणि आकडा लिहायचा.

हे काम मला अमेरिकेत जाऊन पुन्हा करावे लागेल, तेही फुकट, असे कोणी सांगितले असते तर मी व्हिसाच काढला नसता.

२०२५च्या मार्चअखेरीस आम्ही दोघे मुलाकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो. तो वुस्टर शहराला लागून असलेल्या श्रूझबरीत राहतो. वुस्टरच्या स्पेलिंगमधली निम्मी अक्षरे कोणी उच्चारत नाही. त्या थंडीत तोंड फार वेळ उघडे ठेवणे परवडत नसावे. समोरच्या घरात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून आले, हात मिळवला, हवेला एक शिवी घातली आणि म्हणाले, "अँथनी वीस वर्षांचा झाला. अजून वुस्टरमध्येच पडलाय."

आवाजात इतके दुःख, की मला वाटले नातू असणार आणि नोकरी लागत नसणार. मी म्हणालो, "लागेल हो, वय काय आहे अजून!"

"मायरचंही तेच. तोही इथंच."

आतून हिने विचारले, "अहो, दोन्ही नातवंडं घरीच का?"

संध्याकाळी मुलाने उलगडा केला. रोमन अँथनी आणि मार्सेलो मायर हे बेसबॉलचे खेळाडू. बोस्टन रेड सॉक्स या बड्या क्लबाने त्यांना करारबद्ध केलेले, पण अजून बोस्टनला बोलावलेले नाही. तोवर क्लबाच्या वुस्टरमधल्या संघात ते पिकत घातले आहेत. वुस्टर ते बोस्टन अंतर सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या जरा पुढे. एवढा रस्ता कापायला कोणाला दोन महिने लागतात, कोणाला सहा वर्षे, आणि बहुतेकांची गाडी लोणावळ्याच्या अलीकडेच बंद पडते.

अशा खेळाडूला इथे 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. मुलाने मला त्याचा अर्थ समजावून सांगायला सुरुवात केली, पण गरज नव्हती. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: होतकरू. लग्नाच्या जाहिरातीत 'होतकरू मुलगा' असे वाचले की मुलीचा बाप काय समजायचे ते समजतो. होतकरू म्हणजे ज्याचे अजून काही झालेले नाही, पण काही होणार नाही असेही अद्याप सिद्ध झालेले नाही.

या होतकरूंच्या संगोपनाची सगळी व्यवस्था 'फार्म सिस्टीम' या नावाने चालते, म्हणजे चक्क शेती. हे ऐकल्यावर मात्र मी खुर्चीत जरा पुढे सरकून बसलो. ब्रँच रिकी नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात सेंट लुईसच्या संघासाठी ही पद्धत बसवली: तयार खेळाडू बाजारभावाने विकत घेण्यापेक्षा रोपे आपणच वाढवावीत. आज मोठे क्लब ३० आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पातळ्यांवर चार संघ, असे १२० वाफे देशभर पसरलेले आहेत. २०२१पूर्वी ते १६० होते, मग वरच्यांनी कपात केली. बोस्टनचे चार म्हणजे व्हर्जिनियातले सेलम, साउथ कॅरोलायनातले ग्रीनव्हिल, मेनमधले पोर्टलंड आणि शेवटी वुस्टर. मुलगा खालून एकेक इयत्ता चढत येतो. त्याखालीही बालवाड्या आहेत, त्यातली एक थेट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये.

या खालच्या संघांची नावे वाचून हिने दोन दिवस हसून घेतले. आपल्या आयपीएलमध्ये सगळे राजे, सरदार नाहीतर रॉयल. इथे जॅक्सनव्हिलचा संघ म्हणजे जम्बो श्रिंप, साक्षात मोठी कोळंबी. लीहाय व्हॅलीचे लोखंडी डुक्कर आहेत, मॉन्टगोमेरीची बिस्किटे आहेत, आणि अलाबामातल्या एका संघाचे नाव ट्रॅश पांडाज, म्हणजे कचराकुंडी उचकटणारे रॅकून. शाळकरी वयापासून घाम गाळायचा, आईबापांनी गाडीतून चारशे मैल फिरवायचे, आणि नोकरी लागली की कोळंबी व्हायचे. त्यातून तावूनसुलाखून एखादा वर गेलाच, तर त्याच्या आयुष्याचे शिखर काय? लाल पायमोजे.

पण पायमोज्यांचा हिशोब ऐका. २०२३च्या करारानुसार वुस्टरच्या पातळीवर किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर, सेलमच्या पातळीवर २६,२००. हेही खेळाडूंनी २०२२मध्ये संघटना केली म्हणून. त्याआधी पोरे एका खोलीत पाचपाच जण हवेच्या गाद्या टाकून झोपत. आणि बोस्टनला, म्हणजे लोणावळ्याला, २०२५चा किमान पगार ७,६०,००० डॉलर. सत्तर किलोमीटरला एकवीस पट. समृद्धी महामार्गालगतच्या जमिनीचेसुद्धा असे झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात समोरच्यांनी आम्हाला सामना बघायला नेले. मैदानाचे नाव पोलर पार्क. थंड पेयांच्या एका कंपनीवरून ते पडले आहे असे सांगतात, पण बसल्यावर दुसरेच कारण सुचते. संघाचा विदूषक म्हणजे पिवळा हसरा चेंडू, कारण जगभर पसरलेला तो पिवळा हसरा चेहरा १९६३मध्ये याच गावातल्या हार्वी बॉल नावाच्या चित्रकाराने काढला. त्या हवेत हसणारा तेवढा एकच होता. मी आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर मुलाचे जॅकेट आणि कानाला मफलर अशा बंदोबस्तात. ही शाल घेऊन तिळाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून बसलेली.

बेसबॉल मला पहिल्या तासाभरात जेवढा कळला तेवढाच आजही कळतो. गोलंदाज फेकतो, बॅटरला बहुतेक वेळा लागत नाही. खरा आनंद सरासरीत आहे. शंभर संधींत तीस फटके यशस्वी झाले की सरासरी .३०० लिहायची आणि त्या माणसाला उत्तम म्हणायचे. समोरच्यांचा देव म्हणजे टेड विल्यम्स. बोस्टनच्या मैदानाबाहेर, म्हणजे फेनवे पार्कबाहेर, त्याचा पुतळा आहे. त्याची साऱ्या कारकिर्दीची सरासरी .३४४. मी मनात गुणिले शंभर केले. ३४.४ टक्के. म्हणजे आमच्या एसएससी बोर्डात हा मनुष्य अर्ध्या मार्काने नापास झाला असता आणि बापाने त्याला ऊसतोडीला धाडला असता. इथे त्याचा ब्राँझचा पुतळा.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले की समोरचे मैदानाकडे कमी आणि वहीकडे जास्त बघतात. वहीत चारही वाफ्यांतल्या होतकरूंचे रकाने. सेलमच्या एका पोराची सरासरी .४०० भरली होती. त्याखाली दोन रेघा.

"किती सामने झाले?" मी विचारले.

"चार."

"आणि संधी किती?"

"पंधरा."

पंधरात सहा. मी ३१ वर्षे शेरे मारलेला माणूस, मला राहवले नाही. म्हटले, यातला एक चेंडू दोन फूट डावीकडे पडून कोणाच्या हातात गेला असता तर पाच. पाच म्हणजे .३३३. आणखी एक गेला की .२६७. म्हणजे दोन चेंडूंवर हा पोरगा टेड विल्यम्सही ठरतो आणि बिस्किटही. समोरच्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ते सगळ्यांना माहीत आहे." वही मिटली नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी, पण तांदूळ निदान चुलीवर तरी चढलेला असावा! या लोकांचे तसे नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अजून मैदानाकडेला बर्फाचे ढीग आहेत, अशा वेळी ते बारा संधींवर पुढच्या सहा वर्षांचे बेत आखतात. अठरा वर्षांचा एक मुलगा २०२९मध्ये शॉर्टस्टॉपला उभा राहणार, मग मायरला तिसऱ्या बेसवर न्यावा लागेल, मग आत्ता तिथे आहे त्याचे काय करायचे, यावर समोरच्यांचा आणि त्यांच्या मेव्हण्याचा अबोला झाला. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत, फक्त इथे तुरीचे नुसते बियाणे आलेले.

अंदाज बांधणारे अधिकृत लोकही आहेत. त्यांना स्काउट म्हणतात. हे थेट आमच्या बिरादरीतले. गावोगाव हिंडायचे, बांधावर, म्हणजे जाळीमागे, उभे राहायचे, डोळ्यांवर हात धरून पोराकडे बघायचे आणि आकडा लिहायचा. फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक अशा पाच गुणांना २० ते ८० यांमधला आकडा. शून्य कोणाला नाही, शंभर कोणाला नाही. आणि मधली रेषा कुठे, तर बरोबर पन्नासवर! पन्नासच्या वर मोठ्या संघात चालेल, आत असेल तर टंचाई. मी अक्षरशः उभा राहिलो. समोरच्यांना वाटले होम रन झाली.

हे स्काउट चुकतात किती, हे ऐकून तर माझा न्यूनगंडच गेला. १९९१मध्ये क्लबांनी फेरीफेरीने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यांत पहिला क्रमांक लागला ब्रायन टेलर या गोलंदाजाचा. न्यूयॉर्क यँकीजने त्याला साडेपंधरा लाख डॉलर मोजले. तो भावाच्या भांडणात पडला, खांदा गेला आणि मोठ्या संघात तो एकही सामना खेळला नाही. हे सांगताना समोरच्यांच्या चेहऱ्यावर जेवढे दुःख हवे तेवढे दिसले नाही. यँकीज म्हणजे शेवटी बांधाला बांध लागून असलेले भाऊबंद. उलट माईक पियाझा १९८८मध्ये ६२व्या फेरीत, १,३९०व्या क्रमांकावर. तोही का घेतला, तर डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा हे त्याच्या वडिलांचे मित्र. शुद्ध वशिला. हा पियाझा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्याने लागलेला मुलगा इतका कर्तबगार निघाल्याचे महसूल खात्यात तरी मला एकही उदाहरण आठवत नाही.

एप्रिलच्या आकड्यांवर विसंबू नये हे पटवायला मी मायकेल जॉर्डन काढला. तो मला बास्केटबॉलमुळे ठाऊक होता, पण मुलाने सांगितले की १९९४मध्ये तो सगळे सोडून बर्मिंगहॅमच्या संघात बेसबॉल खेळायला गेला होता. सुरुवातीलाच लागोपाठ १३ सामन्यांत त्याने फटका मारला. लोक म्हणाले, झाले, हाही खेळ जिंकला. मग गोलंदाजांना त्याची कच्ची जागा कळली. वर्षअखेर सरासरी .२०२, स्ट्राइकआउट ११४. नव्याचे नऊ दिवस, जॉर्डन होता म्हणून तेरा.

समोरच्यांनी लगेच विली मेज बाहेर काढला. १९५१मध्ये मिनीआपोलिसच्या संघात ३५ सामन्यांत .४७७. न्यूयॉर्क जायंट्सने उचलून नेला, तेव्हा क्लबाच्या मालकाने मिनीआपोलिसच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तिथल्या लोकांची माफी मागितली. (हे मला फार आवडले. आमचा चांगला तलाठी दुसऱ्या तालुक्यात बदलून नेला तेव्हा कोणी पोस्टकार्डसुद्धा टाकले नव्हते.) म्हणजे, समोरचे म्हणाले, सुरुवातीचे आकडे खरे ठरतात! मी विचारले, न्यूयॉर्कला गेल्यावर पहिल्या बारा संधींत किती? ते गप्प बसले. शून्य. मुलाने आदल्या रात्रीच मला सांगून ठेवले होते.

मग त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली. वुस्टरचा हा संघ २०२१मध्ये इथे आला. त्याआधी तो शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी होता. तिथे १८ एप्रिल १९८१च्या रात्री, हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, पॉटकेट आणि रॉचेस्टर यांचा सामना लागला. नऊ डावांचा खेळ, पण बरोबरी सुटेना. अमुक वेळेनंतर नवा डाव सुरू करू नये हा नियम पंचांच्या पुस्तकात छापायचा राहिला होता. पुस्तकात नाही म्हणजे नाही. परिपत्रकावाचून काम थांबवता येत नाही हे तत्त्व मला अमेरिकेत प्रथमच भेटले आणि घरची आठवण आली. खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून शेकोटी केली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डाव झाल्यावर, खेळ थांबवला, तेव्हा प्रेक्षकांत १९ माणसे उरली होती. त्यांना क्लबाने पास दिले. या भागात साठीपुढच्या ज्या कोणाला विचाराल तो त्या एकोणिसांतला असतो. मला स्वतःला तिघे भेटले. लुईस अपाँटे नावाचा पॉटकेटचा गोलंदाज आपले काम संपवून पहाटे तीनच्या सुमारास घरी गेला, तर बायकोने दार अडवले. कुठे होतास? मैदानावर, सामना चालू आहे. सकाळच्या पेपरात बघते, ती म्हणाली. आणि सामना इतका लांबला होता की सकाळच्या पेपरात त्याचा निकालच नव्हता, असे सांगतात. ही गोष्ट हिला फार पटली. विशेषतः बायकोची बाजू.

उरलेला खेळ जूनमध्ये झाला आणि १८ मिनिटांत आटोपला. ३३व्या डावात पॉटकेटच्या डेव्ह कोझाने विजयी फटका मारला. त्या सामन्यात दोन असे होतकरू होते जे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले: रॉचेस्टरकडून कॅल रिपकन, पॉटकेटकडून वेड बॉग्ज. रिपकनने त्या रात्री तेरात दोनच मारले होते. आमच्या समोरच्यांच्या वहीत असता तर नावावर काट बसली असती.

"आणि कोझा?" मी विचारले.

"कोझा बोस्टनला कधीच गेला नाही. कुठल्याच मोठ्या संघात नाही."

थोडा वेळ आम्ही दोघे मैदानाकडे बघत बसलो. मग मी त्यांना अमोल मुझुमदारची गोष्ट सांगितली. १९८८मध्ये शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा. रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही कसोटी नाही. समोरच्यांना क्रिकेट कळत नाही. पण 'पॅड बांधून बसून राहिला' हे त्यांना मी एकदाच सांगितले आणि ते समजले. त्यांनी वही काढली, नावाचे स्पेलिंग विचारले आणि मागच्या पानावर लिहून घेतले. सरासरी विचारली नाही.

आता त्या वर्षीच्या पिकाविषयी. २०२५च्या एप्रिलचा राजा वुस्टरमध्ये नव्हताच. क्रिस्टियन कॅम्पबेल. २०२३मध्ये चौथ्या फेरीत घेतलेला, २०२४मध्ये एका वर्षात तीन इयत्ता चढलेला. २०२५च्या पहिल्या दिवशी तो थेट बोस्टनच्या संघात उभा राहिला आणि आठवड्याभरात क्लबाने त्याच्याशी आठ वर्षांचा सहा कोटी डॉलरांचा करार केला. एप्रिल संपला तेव्हा लीगमधला महिन्याचा सर्वोत्तम नवोदित तोच. समोरच्यांनी वहीत त्याला तीन रेघा मारल्या. तिसरी रेघ मी तरी आजवर कोणाच्या सातबाऱ्यावर पाहिली नाही.

मेमध्ये त्याची बॅट रुसली. जूनमध्ये बोस्टनने त्याला वुस्टरला परत धाडले. त्याच महिन्यात, ९ तारखेला, अँथनी बोस्टनला गेला. मायर मेअखेरीसच गेला होता. सत्तर किलोमीटरचा तोच रस्ता, एकाच महिन्यात एक गाडी वर आणि एक खाली.

अँथनी गेला त्या संध्याकाळी मी समोरच्यांना अभिनंदन करायला गेलो. म्हटले, नातवाला नोकरी लागली! ते पायरीवर बसले होते. आनंद होता, पण मुलगी सासरी गेल्यावर मांडवात राहतो तसला. म्हणाले, "आता तो रोज दिसणार. चुकणार. टीव्हीवर लोक त्याला बोलणार." मला एकदम सगळा उलगडा झाला. बोस्टनचे खेळाडू डोळ्यांसमोर असतात, म्हणून त्यांच्यात दोष असतात. सेलमच्या पोराला समोरच्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही, त्यामुळे त्याच्यात एकही दोष नाही. गुडघ्याएवढ्या पिकाला कीड कुठून दिसणार?

सप्टेंबरात आम्ही सांगलीला परतलो. निघताना समोरच्यांनी मला एक कोरी वही दिली. मी ती कपाटात टाकली आणि विसरलो.

पुढच्या एप्रिलात एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. समोरच्यांचा संदेश, तीनच शब्दांचा: सेलम. तीनात दोन.

मी चहाचा कप खाली ठेवला. .६६७.

"कोणाचं काय झालं?" हिने विचारले.

"काही नाही. सेलमला एक मुलगा आहे. एकोणीस वर्षांचा."

"किती सामने झाले?"

"पहिलाच," मी म्हणालो, आणि कपाटातली वही शोधायला उठलो.